आमची

रविवार, रात्री. ड्रेस्डेन

मनू कधीच झोपली. मला झोप नाही. कालपासून एकच शब्द मनात टोचतोय, आणि तो लिहिल्याशिवाय काही निघायचा नाही.

काल प्रागमध्ये व्लाश्स्का नावाच्या चढाच्या गल्लीत ती एका जुन्या राजवाड्यापुढे थांबली. दारावर जर्मनीचा झेंडा. म्हणाली, "आई, ही बघ आमची एम्बसी."

आमची. आपली नाही म्हणाली.

तिच्या लक्षातही आलं नाही. ती पुढे सांगत राहिली आणि मी हूं हूं करत राहिले. जर्मन भाषेत म्हणे आमचं आणि आपलं याला एकच शब्द आहे. तिने ते जर्मनमध्ये म्हटलं असतं तर मला लागलंच नसतं. पण ती मराठीत म्हणाली, आणि मराठी तिला मीच शिकवली.

त्याआधी आम्ही तासभर चुकलो होतो, म्हणून पायही दुखत होते. लोब्कोवित्स राजवाडे प्रागमध्ये दोन. एक वर किल्ल्यात, तिथे म्युझियम आहे. आम्ही आधी तिथेच जाऊन उभ्या राहिलो. एम्बसी आहे ती खाली माला स्त्रानात. त्या भागात जुन्या सरदारांच्या वाड्यांतून वकिलातीच वकिलाती. एका दारावर दगडी गरुड पंख पसरून बसलेत, ती इटलीची. एका दाराची बाल्कनी दोन दगडी हबशांनी खांद्यावर पेललीय, ती रोमानियाची. मनू फोटो काढत होती, मी नुसती चालत होते.

हा वाडा १८व्या शतकाच्या सुरुवातीचा. आलिप्रांदी नावाच्या इटालियन माणसाने बांधला, १७५३ मध्ये लोब्कोवित्स घराण्याने घेतला. पश्चिम जर्मनीची वकिलात तिथे १९७४ मध्ये आली. रस्त्यावरून बघितलं तर भारदस्त, पण सरळ भिंतीचा. वळसा घालून टेकडीच्या बाजूने बागेमागे गेलं की वाडा वेगळाच दिसतो. मधला भाग कणगीसारखा गोल फुगून पुढे आलाय, आणि तिथे ती बाल्कनी.

आणि कुंपण. लोखंडी गजांचं, माझ्या डोक्याच्या वर जाणारं. मी एका गजाला हात लावला. गार होता.

तेव्हा जर्मनी दोन होत्या. १९८९ च्या उन्हाळ्यात कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची माणसं पश्चिमेला पळायला म्हणून या कुंपणावरून आत उड्या टाकत होती. प्रागपर्यंत यायला त्यांना व्हिसा लागत नव्हता. आत पडलं की पश्चिमेच्या आश्रयाला. गाड्या तशाच रस्त्यावर सोडून यायची, त्या छोट्या ट्रॅबंट. सप्टेंबरअखेर या बागेत सुमारे ४ हजार माणसं होती. तंबू, पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, संडासापुढे रांगा. वाड्याच्या त्या देखण्या जिन्यांवरही माणसं झोपायची, तीसुद्धा पाळ्या लावून. ३० सप्टेंबरला संध्याकाळी गेन्शर, पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री, त्या बाल्कनीत आले. तुम्हाला सांगायला आलोय की आज तुमचं जाणं, एवढंच बोलले आणि जल्लोषात पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. ते वाक्य आजतागायत अर्धंच आहे. गेन्शर स्वतःही १९५२ मध्ये पूर्वेतून पळून आलेले, हे मला मनूने सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज भरून आला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपल्या माणसांचं सांगतानाच असा आवाज भरतो.

तिने फोनवर तेव्हाचे फोटो दाखवले. एका फोटोत कुंपणाच्या वर एक मूल आहे. अलीकडून दोन हात त्याला सोडताहेत, पलीकडून दोन हात धरताहेत. मी तो फोटो मोठा करून पाहत राहिले. सोडणाऱ्या हातांचा चेहरा दिसत नाही.

आता बागेत ट्रॅबंटचा पुतळा आहे. गाडीला चाकांच्या जागी चार पाय आहेत, निघालीय कुठेतरी. डेव्हिड चेर्नी या चेक शिल्पकाराने केलाय. लांबून, गजांतून बघितला. मनू म्हणाली, "१९८९ ला तू काय करत होतीस गं?" मी म्हटलं, "माझं लग्न झालं त्या वर्षी." आणि गप्प बसले.

आज परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. आधी वल्टावा नदी, मग एल्बा, मग ते उभे कडे. याच रुळांवरून ती माणसं आगगाड्यांनी पश्चिमेला गेली. पूर्व जर्मनीच्या सरकारची अट होती, गाड्या आमच्याच हद्दीतून जातील. म्हणजे आम्ही यांना घालवलं असं म्हणता यावं. वाटेत डब्यात शिरून त्यांची ओळखपत्रं काढून घेतली. पुढच्या आठवड्यात आणखी गाड्या आल्या, तेव्हा इथल्या ड्रेस्डेन स्टेशनवर हजारो लोक चढायला धावले आणि पोलिसांशी जुंपली. मनू रोज त्याच स्टेशनातून ऑफिसला जाते.

ओळखपत्रांचं ऐकलं आणि पोटात कालवलं. मनूचं जर्मन नागरिकत्व झालं की तिचा भारतीय पासपोर्ट जमा करायचा. जर्मनीने २०२४ पासून दोन्ही ठेवायची मुभा दिलीय, आपल्याकडे ती नाही. रद्दचा शिक्का मारून परत देतात म्हणे. आणि मी? मी तिने पाठवलेलं हमीपत्र, बँकेचे कागद, इन्शुरन्स असं सगळं जोडून ९० दिवसांची पाहुणी. तिचं ते "आमची", माझा तो व्हिसा. हे असते तर माझ्याशी तरी कुणी... जाऊ दे.

गाडीत बराच वेळ असंच चाललं होतं. रडू येत होतं आणि मनूला दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. द्येचिन स्टेशन गेलं आणि अचानक आई आठवली.

तेच वर्ष, तोच सप्टेंबर. चिपळूणला पहिल्या गौरी करून मी साताऱ्याला चार दिवस माहेरी आले होते. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. माझ्या तोंडाला खळ नव्हता. म्हटलं, "आमच्याकडे ना आई, उभ्या गौरी नसतात. आमच्याकडे खड्याच्या. पाणवठ्यावरून खडे आणायचे, मागे वळून बघायचं नाही, बोलायचं नाही."

आईचा हात थांबला. अंगठ्यावर वालाचं साल तसंच चिकटलेलं. मग म्हणाली, "बरं की. सुटसुटीत." आणि पुढचा वाल उचलला.

आमच्याकडे. मी ते किती सहज म्हटलं होतं! चार महिने झाले नव्हते लग्नाला. आईला विचारावंसं वाटतंय, तेव्हा रात्री तुला झोप लागली का गं. बारा वर्षं झाली तिला जाऊन.

पण मी काही साताऱ्याची उरले नाही असं कुठे झालं? अजून कंदी पेढा म्हटलं की... आणि चिपळूणच्या खड्यांशिवायही माझा भाद्रपद होत नाही. दोन्ही तेवढंच खरं. मनू त्या बाल्कनीबद्दल बोलताना किती सुंदर दिसत होती, हे मी काल बघितलंच नाही. मी शब्दच धरून बसले.

तिने इथे येताना एक कागद आणायला सांगितला होता. जन्माचा दाखला, सातारा नगरपालिकेचा. नागरिकत्वाच्या अर्जाला लागतो. तीन आठवडे तो माझ्या बॅगेत तळाशी आहे, साड्यांखाली. रोज विचारते आणि मी म्हणते, शोधते. शोधायचं काय, मीच ठेवलाय.

आत्ता उठून काढला. आईचं नाव या रकान्यात माझं नाव आहे, निळ्या शाईत, कारकुनाचं अक्षर थोडं कलतं. तिच्या लॅपटॉपवर ठेवलाय, सकाळी उघडताना पहिला तोच हाताला लागेल.