बाबा आज हसले

घोडबंदर रोडवर आज पाऊण तास बस जागची हलली नाही. डोकं नुसतं भणभणलं होतं. तशीच बाबांना घेऊन गडकरी रंगायतन गाठलं, कॉलेजच्या पोरांचं प्रहसन होतं.

एका प्रवेशात आजोबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जातात. खिडकीतला माणूस मशीनकडे बघत म्हणतो, "आजोबा, तुम्ही नाही आहात." आजोबा अंगठा पुसतात, धोतराला घासतात, परत ठेवतात. "अजूनही नाही आहात."

बाबा खदखदून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. गेल्या नोव्हेंबरात त्यांचाही अंगठा उमटत नव्हता, चार खेपा झाल्या. तेव्हा घरी एक अक्षर बोलले नव्हते.

ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, ते राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावानं विनोद लिहायचे. त्याआधी कितीतरी शतकं संत एकनाथांनी भारुडातून ढोंगावर बोट ठेवलं. असं लिहिणारा माणूस आतून फार कळवळलेला असतो, असं मला मनापासून वाटतं. त्या पोरांना कडकडून मिठी मारावीशी वाटली.

नंतर तलावपाळीवर भेळ खाताना बाबांनी त्या चारही खेपा सांगितल्या. अगदी रांगेतल्या माणसांसकट.