पावती क्रमांक दोन, दुसऱ्यांदा

देवगड तालुक्यातील एका हापूस बागायतदाराच्या पेट्या यंदा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर अशा लोकांच्या घरी पोहोचल्या, ज्यांनी त्या मागवल्याच नव्हत्या. आणि ज्यांनी मागवल्या होत्या, ते सणाच्या आदल्या दिवशी फोनवर फोन करत होते. गोंधळाचे मूळ सापडले, दुरुस्तीही झाली. तरी एका ओळीच्या जागेने एवढे नुकसान कसे झाले, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी जामसंडे येथे राहून लहान व्यावसायिकांच्या वेबसाइटची देखभाल करते. या कामाविषयी बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते: आमचा बहुतेक वेळ नवे काही लिहिण्यात जात नाही, दुसऱ्याने कधीतरी लिहून सोडून दिलेले वाचण्यात जातो. या बागायतदारांची साइट त्यांच्या नात्यातील एका विद्यार्थ्याने कॉलेजात शिकत असताना पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत करून दिली होती. डेटाबेस नव्हता. एका मजकूर फाइलमध्ये सगळ्या मागण्या, ओळीला एक, आणि दुसऱ्या फाइलमध्ये फक्त एक आकडा, म्हणजे शेवटचा पावती क्रमांक. अशा रचनेला नाके मुरडणारे व्यावसायिक मला माहीत आहेत, पण एका बागेच्या हंगामाला ती पुरेशी असते. डेटाबेस म्हटला की त्याचा पासवर्ड आला, बॅकअप आला आणि तो बिघडल्यावर धावून येणारे माणूसही आले. मजकूर फाइल बागायतदार स्वतः नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतो.

काकांच्या, म्हणजे या बागायतदारांच्या, पॅकिंग शेडमध्ये मी गेले, तेव्हा आढीतील आंबे निवडून खोक्यांत भरण्याचे काम तसेच चालू होते, कारण पिकत आलेला हापूस कोणाच्या तपासासाठी थांबत नाही. काकांनी एवढेच विचारले, “ह्यो घोळ झालो कसो, बाय?” होस्टिंग कंपनीच्या मदत केंद्राने त्यांना ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवून ठेवलेली जुनी पाने, पुसायला सांगितले होते. मदत केंद्रांची ही सवय आता मनाला लावून घेण्यासारखी राहिलेली नाही. पेटी चुकीच्या घरी गेली याचा ब्राउझरच्या कॅशशी काय संबंध, हे विचारण्यात वेळ घालवला नाही.

शेडमधील पद्धत साधी होती. ग्राहकाने साइटवर मागणी नोंदवली की तिला पावती क्रमांक मिळे. भरलेल्या खोक्यावर तो क्रमांक मार्करने लिहिला जाई आणि संध्याकाळी काकांचा पुतण्या लॅपटॉपवर एकेक क्रमांक टाकून पत्त्याची चिठ्ठी छापी. माल भरणाऱ्या बायकांपैकी एकीने टेम्पो सुटण्यापूर्वीच शंका काढली होती: “दोन नंबर मागेच गेलो, परत खयसून इलो?” पुतण्याने उत्तर दिले की नवे पुस्तक सुरू झाले असेल. त्याला दोष देणे मला जड जाते, कारण छापील पावतीपुस्तक संपले की दुसरे पुस्तक एकपासूनच सुरू होते आणि या घरात अनेक वर्षे तसेच चालत आले आहे. फक्त संगणकातील पावत्यांचे पुस्तक संपत नसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मागण्यांची फाइल उघडली, तेव्हा तुटण्याची जागा स्वच्छ दिसली. ४१७, ४१८, ४१९ आणि त्याच्या लगेच खाली १. त्यापुढे २, ३, ४ असे सुरळीत. ४१९ आणि १ या दोन्ही ओळींत एकाच ग्राहकाचे नाव, तोच पत्ता, तेवढेच डझन आणि सेकंदापर्यंत तीच वेळ होती.

असे दिसले की लगेच निष्कर्षावर उडी मारायची नसते, कारण आकडा शून्यावर येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. माझा पहिला संशय मराठी कीबोर्डवर होता. कोणी ती आकड्याची फाइल उघडून देवनागरीत ४१९ लिहून ठेवले, तर पीएचपी त्या मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करताना शून्य धरते, कारण इंग्रजी अंकच (0 ते 9) तिला अंक म्हणून कळतात. पण तुटण्याची वेळ रात्री नऊनंतरची होती आणि त्या सुमारास कोणी सर्व्हरवर फाइल चढवल्याची नोंद नव्हती. दुसरा संशय जागा संपल्याचा. सर्व्हरवरील आपल्या वाट्याची जागा भरली, तर फाइल लिहिण्यासाठी उघडताच जुना आकडा पुसला जातो, नवा लिहिता येत नाही आणि मागे रिकामी फाइल उरते. मात्र तसे झाले असते, तर मागण्यांच्या फाइलमध्येही त्यापुढच्या ओळी उमटल्या नसत्या. त्या तर एकही अक्षर न गळता उमटल्या होत्या. मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, पाहिला. त्याच सेकंदाला, त्याच फोनवरून, मागणी नोंदवण्याच्या दोन विनंत्या आल्या होत्या.

ग्राहकाने बटण दोनदा दाबले होते. आपल्याकडे हे सर्रास घडते. पडदा लगेच हलला नाही की लोक पुन्हा दाबतात, लिफ्टचे बटण दाबतात तसे. अशा वेळी पहिली विनंती रद्द झाली असे वापरणाऱ्याला वाटते, पण सर्व्हरवर ती पोहोचलेली असते आणि दोन्ही कामे शेजारीशेजारी सुरू होतात.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रोग्राम. त्याने फाइल वाचण्यासाठी उघडली, आकडा घेतला, फाइल बंद केली आणि आकड्यात एक मिळवला. मग तीच फाइल ‘डब्ल्यू’ पद्धतीने लिहिण्यासाठी उघडली, दुसऱ्या कोणी ती त्याच वेळी हाताळू नये म्हणून फ्लॉक ही आज्ञा वापरून तिच्यावर कुलूप घातले, नवा आकडा लिहिला आणि ती बंद केली. कुलूप घालण्याची गरज त्याला कळली होती, ही त्या वयात कौतुकाचीच गोष्ट आहे. पुष्कळ पगारी लोकांच्या कामात ते मला आढळत नाही. परंतु ‘डब्ल्यू’ने फाइल उघडणे याचा अर्थच ती त्या क्षणी रिकामी करणे असा आहे. लिहिताना नव्हे, उघडताना. म्हणजे कुलूप लागेपर्यंत आत राखण्यासारखे काही उरलेलेच नसते. पहिल्या विनंतीने फाइल उघडून रिकामी केली. ती ४१९ लिहिणार, एवढ्यात दुसरीने तीच फाइल वाचली. तिला रिकामा मजकूर मिळाला, रिकाम्या मजकुराचा पूर्णांक शून्य, त्यात एक मिळवून एक. तिने तो लिहिला आणि पुढचे सगळे ग्राहक त्या एकवरून पुढे मोजले गेले. शिवाय सर्व्हरच्या लिनक्स या प्रणालीवर हे कुलूप सक्तीचे नसते. जो प्रोग्राम कुलूप आहे का असे विचारतो त्यालाच ते अडवते, आणि वाचणारा भाग तर विचारतच नव्हता.

आणखी मागे जाऊन पाहिले, तेव्हा याच दोषाचे सौम्य रूप हंगामभर चालू असल्याचे आढळले. दोन विनंत्यांनी एकच जुना आकडा वाचला की दोघींना एकच नवा क्रमांक मिळे. अशा जोड्या फाइलमध्ये अनेक होत्या, पण प्रत्येक जोडीत ग्राहक एकच असल्यामुळे क्रमांक एक, पत्ता एक, पेटी एक. कोणाचेच काही बिघडले नाही. दोषाने दोषाला झाकले होते. यंदा पुतण्याने सणाच्या आधी व्हॉट्सॲपवरून जाहिरात फिरवली, एका रात्रीत मागण्यांची गर्दी झाली आणि झाकण उडाले.

क्रमांक पुन्हा सुरू झाल्याने पत्ते का चुकावेत, याचे उत्तर चिठ्ठी छापणाऱ्या भागात होते. तो मागण्यांची फाइल वरून एकेक ओळ वाचत येई आणि क्रमांक जुळला की तिथेच थांबे. दोन क्रमांकाची पहिली ओळ मार्चमधील होती. त्यामुळे नव्या पेटीवर मार्चमधल्या ग्राहकाचे नाव, त्याचा पत्ता आणि त्याचाच फोन छापला गेला. अशा रीतीने २ ते ३८ क्रमांकांच्या पेट्या मुंबई-पुण्यातील जुन्या ग्राहकांच्या दारात गेल्या.

मग १ क्रमांकाची पेटी बरोबर घरी कशी गेली? या प्रश्नाने मला सर्वाधिक वेळ अडकवून ठेवले. तीही मार्चमधल्या पहिल्या ग्राहकाकडे जायला हवी होती. पडद्यावर त्या ओळीत काहीही वावगे दिसत नव्हते. शेवटी फाइलचे बाइट उघडून पाहिले, तेव्हा अगदी आरंभी, एकच्याही आधी, तीन अदृश्य बाइट सापडले. पुतण्याने मध्यंतरी एका ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करण्यासाठी फाइल उतरवून जुन्या विंडोज ७च्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडली होती आणि यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत) म्हणून जतन करून परत चढवली होती. नोटपॅड पूर्वी अशा फाइलच्या डोक्यावर ‘बॉम’ नावाची तीन बाइटांची खूण आपणहून घाली. विंडोज १०च्या २०१९मधील सुधारणेनंतरच ती खूण न घालणे हा मूळ पर्याय झाला. त्या खुणेमुळे पहिल्या ओळीतला एक हा प्रोग्रामच्या दृष्टीने एक राहिला नाही, शोध पुढे सरकला आणि नव्या एकवर येऊन थांबला. बटण दोनदा दाबणाऱ्या त्या गृहस्थांना मात्र दोन पेट्या मिळाल्या. अदृश्य खूण नसती, तर चुकीच्या घरी गेलेली पहिली पेटी हीच ठरली असती आणि मला कोडे पडलेच नसते.

दुरुस्ती लिहिताना मला समाधान वाटले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकड्याची फाइल आता ‘सी-प्लस’ पद्धतीने उघडते. ही पद्धत २००८ मध्ये पीएचपीच्या ५.२.६ आवृत्तीत आली. तिने फाइल नसेल तर तयार होते, असेल तर आतला मजकूर तसाच राहतो आणि वाचता-लिहिता दोन्ही येते. उघडल्यावर लगेच कुलूप, वाचण्याच्याही आधी. मग आकडा वाचायचा, एक मिळवायचा, फाइल शून्य लांबीची करायची, वाचनाची जागा पुन्हा आरंभी आणायची, लिहायचे आणि सर्वांत शेवटी कुलूप सोडायचे. आरंभी परतण्याची पायरी गाळली, तर फाइल रिकामी होऊनही लेखन तिसऱ्या बाइटनंतर सुरू होते आणि त्याआधीच्या मोकळ्या जागेत शून्य बाइट भरले जातात. वाचलेला आकडा रिकामा किंवा पूर्वीपेक्षा लहान असेल, तर प्रोग्राम आता अंदाजाने पुढे जात नाही. मागण्यांच्या फाइलमधली शेवटची ओळ पाहून क्रमांक ठरवतो.

ती मागण्यांची फाइल मात्र पहिल्यापासून ‘ए’ पद्धतीने, म्हणजे शेवटी भर घालण्यासाठीच उघडली जात होती. म्हणून एकही मागणी हरवली नाही आणि सगळ्या ग्राहकांचा हिशेब लावता आला. एकाच मुलाने, एकाच पानावर, एका फाइलसाठी नेमके योग्य आणि दुसरीसाठी नेमके अयोग्य अक्षर लिहिले. नवशिक्यांसाठीच्या धड्यांत फाइलवर लिहिण्याचे पहिले उदाहरण बहुधा ‘डब्ल्यू’चे असते, आणि ती उघडताच काय पुसले जाते हे एका ओळीत उरकलेले असते. त्याने तेच उचलले असावे. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा: मागण्यांची फाइल साइटच्या उघड्या फोल्डरात होती आणि तिचे नाव ब्राउझरमध्ये टाकले की कोणालाही सगळ्या ग्राहकांचे पत्ते व फोन वाचता येत होते. शिवाय कोणीतरी फोल्डरला ७७७ परवानगी, म्हणजे कोणीही वाचावे-लिहावे अशी मोकळीक, देऊन ठेवली होती, जी लिहिता येत नाही अशी तक्रार आली की डोळे मिटून दिली जाते. दोन्ही फाइल मी उघड्या फोल्डरच्या बाहेर हलवल्या, परवानग्या आवळल्या आणि पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय केले.

चुकून पेटी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी पैसे पाठवले, काहींनी शेजाऱ्यांना वाटल्याचे सांगितले आणि एकाने आंब्यात साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाल्याची तक्रार केली. मूळ ग्राहकांना काकांनी पदरमोड करून दुसऱ्या पेट्या धाडल्या, परंतु सण टळून गेला होता.

आता आमच्यात मतभेद आहे तो पुढच्या हंगामाविषयी. मागण्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात असे माझे म्हणणे आहे. तीही एकच फाइल असते, वेगळा सर्व्हर लागत नाही आणि क्रमांक देण्याचे काम ती स्वतः करते. काकांना ती नोटपॅडमध्ये वाचता येणार नाही, एवढाच त्यांचा आक्षेप आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता आलेला नाही: या प्रकरणात ४१९च्या खाली आलेला १ मला दिसला, तो मजकूर फाइल साध्या डोळ्यांनी वाचता येत होती म्हणूनच. रोज रात्री मागण्यांची मजकूर प्रत आपोआप त्यांच्या लॅपटॉपवर उतरावी, या अटीवर ते तयार होतील असे दिसते. पुतण्याने ती प्रत दुरुस्त करून परत चढवू नये, ही माझी अट त्यांनी अजून मान्य केलेली नाही.