ओल्या मुळाचा अभ्यास

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पन्हळीशेजारी, एक पिंपळ उगवला आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो कोणीतरी छाटतो आणि गणपती येईपर्यंत त्याला पुन्हा तांबूस पालवी फुटलेली असते. मागच्या वर्षी तिथला गिलावा पडला तेव्हा त्याचे मूळ उघडे दिसले. जाडी जेमतेम करंगळीएवढी, पण दोन दगडांच्या सांध्यात शिरून त्याने एक दगड चांगला बोटभर पुढे ढकलला होता. ओले मूळ खडकाचे अंग भेदते, हा तुकोबांनी अभ्यासासाठी दिलेला दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यातल्या ‘ओले’ या शब्दाकडे मात्र माझे लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेले.

माझा दोष रागाचा आहे. तोही कार्यालयात किंवा लोकलच्या गर्दीत नव्हे, तर घरात, आणि घरात सर्वांत जास्त आईवर. ऐंशी ओलांडल्यावर तिची स्मृती क्षीण झाली आहे. मी चर्नी रोडहून अंधेरीची गाडी पकडण्याच्या घाईत असताना ‘छत्री घेतलीस का रे?’ असे ती चार-पाचदा विचारते आणि चौथ्या वेळेस माझा आवाज चढतो. तिचा चेहरा उतरतो, पण तो का उतरला हे थोड्या वेळाने तिला आठवत नाही. मला मात्र दादर येईपर्यंत दुसरे काही सुचत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक दोनशे पानी वही आणली आणि दिवसभरात आवाज किती वेळा चढला, तितक्या रेघा रोज रात्री तारखेपुढे ओढू लागलो. अकरा दिवस नेमाने लिहिले. बाराव्या दिवशी असा ओरडलो की शेजारचे दार उघडले, आणि आता लिहून काय उपयोग, असे म्हणून कपाटात टाकलेली वही चार महिने बाहेर निघाली नाही. पुढेही दोनदा असेच झाले.

पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्या पादातील चौदाव्या सूत्रात, अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने व्हावा, असे सांगितले आहे. पहिल्या दोन अटींचा मी इतका धसका घेतला होता की तिसरी माझ्या लेखी नव्हतीच. रात्री वही उघडायची ती स्वतःला दूषणे देण्यासाठी, आणि त्या दूषणांनी कोरडे पडलेले मन दुसऱ्या दिवशी आईशी ओलाव्याने बोलेल, अशी अपेक्षा धरायची. ते कसे घडावे? मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे, असे अर्जुनाने सांगितले तेव्हा भगवंतांनी त्याला बोल लावला नाही. ते कठीण आहे यात शंका नाही हे आधी मान्य केले आणि मगच अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. समर्थांनी मनाच्या 205 श्लोकांत मनाची पुष्कळ कानउघाडणी केली आहे, परंतु नमनाचा श्लोक संपवून मनाशी बोलायला लागताच ते त्याला ‘सज्जना’ अशी हाक मारतात. ज्याला सुधारायचे त्याला आधी सज्जन मानायचे, हे मला फार मोठे वाटते. तेव्हापासून रेघ ओढल्यावर मी पुढच्या दिवसाची तारीख रात्रीच खाली लिहून ठेवतो.

परवा सकाळपासून पाऊस लागला होता. आईने पाचव्यांदा विचारले तेव्हा मी पिशवीतून छत्री काढून तिच्या हातात दिली. तिने दांडा चाचपला, एक काडी वाकली आहे म्हणाली, आणि छत्री पदराने पुसून मला परत दिली. नेहमीची गाडी चुकली. त्याआधी, रविवारी, गोळ्यांवरून माझा आवाज चढला होता; वहीत त्या तारखेपुढे एक रेघ आहे आणि तिच्या खालच्या ओळीत सोमवारची तारीख.