डेव्हिल्स ब्रिज, 1:76 : पहिली कमान कालबुतावरून उतरली

मंडळी, डेव्हिल्स ब्रिजच्या माझ्या मॉडेलची (खऱ्या पुलाच्या 1/76 मापाचं) पहिली मोठी कमान कालबुतावरून, म्हणजे बांधताना खाली धरलेल्या तात्पुरत्या साच्यावरून, सुटी झाली आणि स्वतःच्या पायावर उभी आहे!

हा पूल खालून बघितल्याशिवाय कळत नाही. इंग्लंडमधल्या कंब्रियात कर्बी लॉन्सडेल गावाजवळ, लून नदीवर, 1370च्या सुमाराचं हे वालुकाश्माचं काम. कमानी तीन, आणि प्रत्येकीच्या पोटाला जाड दगडी बरगड्या. बहुतेक फोटो काठावरून काढलेले, त्यात त्या जेमतेम दिसतात. फोमच्या ठोकळ्यात अर्धगोल कापून वर दगडांच्या रेघा कोरल्या असत्या तर शोकेसपुरतं भागलं असतं, पण मग पुलातली खरी हुशारी बाहेरच राहिली असती.

म्हणून गवंड्यांच्याच क्रमाने चाललोय. अखंड कमान चढवायची तर पूर्ण रुंदीचं लाकडी कालबूत लागतं. बरगड्या आधी उभ्या केल्या की त्यांच्यापुरतं हलकं कालबूत पुरतं, आणि वरच्या फरशांचा भार मग बरगड्याच पेलतात. मी सनबोर्डचं (फोमच्या हलक्या पत्र्याचं) एकच अरुंद कालबूत केलं, फेविकॉल धरू नये म्हणून त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी मारली आणि खाली उलटसुलट दोन पाचरी दिल्या. पीओपीचे निमुळते तुकडे दोन्ही बाजूंनी वर चढवत आणले. माथ्याचा दगड मात्र कोरडाच, पॉलिशपेपरवर घासून घासून बसवला. वाळल्यावर पाचरी हलक्या हाताने ओढल्या, कालबूत दोनेक मिमी खाली बसलं, बाजूला सरकवलं, की पुढची बरगडी.

सैतानाने हा पूल बांधून दिला आणि मोबदल्यात पहिला ओलांडणारा जीव मागितला, तर म्हातारीने पाव फेकून कुत्र्याला पुढे धाडलं, अशी दंतकथा आहे. मला विचाराल तर श्रेय त्या गवंड्यांचं.

1932 साली शेजारी स्टॅन्ली ब्रिज झाला आणि जुन्या पुलावरची मोटारींची वाहतूक थांबली. आता तो ग्रेड वन (तिथल्या वारसा वास्तूंचा सर्वोच्च दर्जा) आणि संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे मॉडेलवर गाड्या नाहीत, फक्त पायी माणसं.

पुढचं काम खांबांच्या टोकदार तोंडांचं. ती कठड्यापर्यंत चढत जातात आणि वर माणसाला अंग चोरून उभं राहायला कोनाडा होतो. नदीसाठी रेझिनमध्ये थोडा तपकिरी रंग घालणार आहे. पातळ थरांत ओतायचं की एकदमच? कुणी केलं असेल तर सांगा.