आमची वाटचाल : डिझेल जीपपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतील आमचे गॅरेज वडिलांच्या काळी डिझेल जीप आणि टेम्पोंच्या कामासाठी ओळखले जाई. पुढे ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या, तसे कामाचे स्वरूप पालटले आणि आम्ही एक शिस्त लावून घेतली : स्कॅनरवरचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्रावरचा, कोड म्हणजे सुटा भाग बदलण्याचा हुकूम नव्हे.

ट्रान्समिशन ऑइलच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाच्या, दाबाच्या सेन्सरबाबत हे विशेष खरे आहे. पी०८४१ हा कोड वाचन अपेक्षेशी जुळत नसल्याचे, पी०८४२ सिग्नल कमी आणि पी०८४३ तो जास्त असल्याचे सांगतो; सेन्सरच निकामी झाला, असे यांपैकी एकही सांगत नाही. चोर्ला घाटात गाडी एकाच गिअरमध्ये अडकली म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाने पुष्कळदा नवा सेन्सर आधीच बसवून घेतलेला असतो.

आम्ही आधी ऑइल पाहतो. तापल्यावर ते फुगत असल्याने त्याची पातळी कंपनीने नेमून दिलेल्या तापमानालाच मोजावी लागते. मग सेन्सरच्या वायरिंगचा जोड, म्हणजे कपलर, उघडून आत ऑइल किंवा पाणी झिरपले आहे का, पिना हिरवट पडल्या आहेत का, हे तपासतो. खानापूरकडच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत तर हे चुकवून चालतच नाही. तीन तारांच्या सेन्सरला साधारणतः ५ व्होल्टचा पुरवठा आणि पक्के अर्थिंग लागते, आणि चावी चालू पण इंजिन बंद असताना सिग्नल बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. काही गिअरबॉक्समध्ये सेन्सरऐवजी नुसता चालू-बंद होणारा स्विच असतो, तिथे हा हिशेब लागू नाही.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर निकाल गेजवर, म्हणजे दाबमापकावर, लागतो. गिअरबॉक्सवरील दाब तपासण्याच्या जागी गेज जोडून त्यावरचा आणि स्कॅनरवरचा दाब एकाच वेळी वाचायचा. गेजवर दाब योग्य आणि स्कॅनरवर कमी असेल, तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. दोन्हीकडे कमी असेल, तर सेन्सर खरेच सांगतो आहे आणि चोंदलेला फिल्टर, झिजलेला पंप किंवा अडकलेला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) शोधायला हवा. प्रत्येक गिअरबॉक्सचे आटे निराळे, त्यामुळे गेजसाठी अडॅप्टर लागतात. हायड्रॉलिक्सची कामे करणारे कारखाने शेजारीच असल्याने ते आम्ही इथल्याच लेथवर करून घेतले, आणि या बाबतीत उद्यमबागेसारखी जागा नाही, असे आमचे मत आहे.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे लावतो. सुरुवातीला गिऱ्हाइके त्यावर कुरकुरत. आता निपाणी, चिकोडीकडचे गॅरेजवालेच गाड्या आधी तपासणीला पाठवतात आणि बिलावर गेज व स्कॅनर असे दोन्ही आकडे लिहून मागतात.