आमची वाटचाल : जळगावचं एक नेटवर्कचं दुकान

२००७ साली गोलाणी मार्केटात गाळा भाड्यानं घेतला तेव्हा पाटीवर ‘संगणक विक्री व दुरुस्ती’ एवढंच होतं. ‘नेटवर्किंग’ हा शब्द चार वर्षांनी, उरलेल्या जागेत, वेगळ्या रंगात आला. पेंटरनं त्याचे निराळे पैसे लावले. तोवर आम्ही असेंबल्ड पीसी विकायचो, विंडोज टाकून द्यायचो, प्रिंटरची काट्रिज भरायचो आणि उधारी मागत फिरायचो. उधारी मागणं अजून चालू आहे, बाकीचं बंद केलं.

नेटवर्कचं काम अंगावर आलं ते एमआयडीसीमुळे. चटई कारखाने, दालमिल, पाइपवाले, सगळ्यांना साधारण एकाच सुमारास कळलं की बिलिंगचा संगणक, वजनकाट्यावरचा संगणक आणि शेठच्या केबिनमधला संगणक एकमेकांना जोडता येतो. आम्हाला तरी कुठे येत होतं? वायर ओढायची, दोन्ही टोकांना जॅक मारायचे, टेस्टरचे आठ दिवे लागले की चहा.

केबलमधल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम आजही झोपेत सांगेन. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्याची जोडी फोडून मधे निळी का घुसवली, ते मात्र मला तीन वर्षं ठाऊक नव्हतं. एका पोरानं ‘सोपं जावं’ म्हणून जोडीशेजारी जोडी अशा तारा बसवल्या, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरचे आठही दिवे लागले. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लाइन रडायची. सिग्नलची एक जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जाते, आणि त्या दोन तारांना एकमेकींचाच पीळ असावा लागतो. पीळ भलत्याच तारेशी असला की शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो. टेस्टर बिचारा तार जोडली आहे की नाही एवढंच बघतो. हे मला कुणी शिकवलं नाही. अख्खी दालमिल स्वतःच्या खर्चानं पुन्हा जॅक मारताना कळलं.

दुसरा धडा सावद्याचा, तो जास्त महाग पडला. केळीच्या रायपनिंग चेंबरचं काम होतं. हिरवी केळी आत जातात, इथिलीन देऊन ठरलेल्या तापमानात पिकवतात, त्यामुळे मालकाला सेन्सरचे आकडे आणि कॅमेरे मोबाइलवर हवे होते. सोळा कॅमेरे, सगळे पीओईवर, म्हणजे वीज आणि डेटा एकाच केबलमधून. दर कमी लावून काम घेतलं होतं, म्हणून केबलही कमी दराची घेतली. बॉक्सवर कॅट-सिक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या नेटवर्क केबलचं नाव, छापलेलं होतं, आणखी काय बघायचं?

पंधरा दिवसांनी रखवालदाराचा फोन. अमळनेरकडचा माणूस, अहिराणीत म्हणाला, “भाऊ, ह्या कॅमेरा रातले झोपी जातस.” आम्ही गेलो दिवसा, सगळं ठणठणीत. एक कॅमेरा बदलला, तरी तेच. दुसरा बदलला. स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथं येऊन जोडतात तो डबा, बदलला. शेवटी एक रात्र तिथंच खाटेवर काढली. अंधार पडला आणि लांबचे चार कॅमेरे बंद-चालू, बंद-चालू. बॅटरी धरून बघत बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो, ऐंशी मीटरच्या वायरमध्ये व्होल्टेज गळतं, कॅमेरा बसतो. पुन्हा उठतो, पुन्हा दिवे लावतो, पुन्हा बसतो. सकाळी ब्लेडनं तार खरवडली. वरून तांबूस, आत पांढरीफट. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, संगणकाला चालून जातं, पीओईला नाही. ३०५ मीटरचे दोन बॉक्स पदरमोड करून बदलले. तेव्हापासून दुकानात नवा बॉक्स आला की पहिली तार ब्लेडखाली जाते. पुरवठादार तोंड वाकडं करतो, करू दे.

खान्देशात काही गोष्टी पुस्तकाबाहेरच्या आहेत. ऑफिसातला साधा स्विच ४०-४५ अंशांपर्यंत चालेल असं त्याच्या माहितीपत्रकात असतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच ४५ होतं, मग पत्र्याच्या शेडमधल्या बंद रॅकमध्ये किती होत असेल? जिनिंगमध्ये रुईचे तंतू पंख्यात अडकून पंखाच गादीसारखा होतो, म्हणून तिथं बिनपंख्याचा स्विच. आणि जूनच्या पहिल्या वादळी पावसात केळी आडवी होते त्याच रात्री उघड्यावरच्या कॅमेऱ्यांचे पोर्ट जळतात. जूनच्या आधी दोन पीओई स्विच कपाटात भरून ठेवावेच लागतात.

आता सर्टिफिकेटचं. इतकी वर्षं हातानं शिकल्यामुळे कागदाबद्दल माझ्या मनात अढी होती. दुकानात सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्कची परीक्षा, झालेली पोरं मुलाखतीला यायची, सव्वीसचा सबनेट (म्हणजे पत्त्यांचा एक ठरावीक गट) दिला तर किती संगणक बसतील विचारलं की वर बघायची. (बासष्ट.) डंप, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांचे संच, पाठ करून पास झालेली. त्यामुळे आमच्याच शिरपूरच्या पोरानं परीक्षेसाठी आठ दिवस सुट्टी मागितली तेव्हा मी नाही म्हणालो. २०१९ चा डिसेंबर होता. सिस्कोनं २४ फेब्रुवारी २०२० पासून बहुतेक सगळ्या परीक्षा बदलायचं जाहीर केलं होतं, आणि जुन्या अभ्यासक्रमावर अभ्यास केलेल्या पोरांची त्याआधी पास व्हायची घाई चालली होती. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “कागदानं लाइन चालू होत नाही भो.”

त्यानंतर महिनाभरातच मी एका पतसंस्थेची शाखा बंद पाडली.

शनिवार, सकाळचे पावणेबारा, काउंटरला रांग. मी जळगावात दुकानात बसून, शाखा साठ-सत्तर किलोमीटरवर. ट्रंकवर, म्हणजे स्विचला जोडणाऱ्या मुख्य लाइनवर, तीन व्हीलॅन (एकाच वायरवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) चालू होते, दहा नंबर काउंटरचा, वीस कॅमेऱ्यांचा, नव्व्याण्णव आमच्या देखरेखीचा. नव्या फोनसाठी तीस नंबर वाढवायचा होता. अर्ध्या मिनिटाचं काम. टाइप केलं : ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. एंटर. आणि समोरची स्क्रीन थिजली.

‘व्हीलॅन’ आणि ‘३०’ यांच्या मधे ‘ॲड’ लिहायचं राहिलं होतं. ए-डी-डी. ते असलं तर जुन्या यादीत तीस वाढतो, नसलं तर जुनी यादी पुसून एकटा तीस उरतो. काउंटर गेलं, कॅमेरे गेले, आणि नव्व्याण्णव गेल्यामुळे ते दुरुस्त करायला आत शिरायची माझी वाटही गेली. स्विचनं विचारलंसुद्धा नाही की बाबा, नक्की का?

पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन यायच्या आत मीच शिपाईकाकांना लावला. “काका, कपाटातल्या काळ्या डब्याची पिन काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा.” काकांनी काढली, मोजले, लावली. काहीच होईना. दुसऱ्यांदा काढली तेव्हा कळलं, काका डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याची, पिन काढत होते, तोही काळाच. तिसऱ्यांदा बरोबर डबा. स्विच उठायला चार मिनिटं लागली, आणि उठला तो जुन्या कॉन्फिगसह, म्हणजे सेव्ह केलेल्या जुन्या सेटिंगसह, कारण माझी चूक अजून सेव्ह झालेली नव्हती. लाइन आली. रांगेतल्या एका आजोबांनी फोन काकांच्या हातून घेऊन मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

शिरपूरचा पोरगा पलीकडच्या टेबलावर बसून सगळं ऐकत होता. शांतपणे म्हणाला, “भाऊ, आधी ‘रीलोड इन १०’ टाकायचं असतं.” म्हणजे धोक्याचं काम करण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट हो. लाइन तुटली तर तो आपोआप जुन्या कॉन्फिगवर येतो. नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. मायक्रोटिक नावाच्या राउटरला याच कामासाठी सेफ मोड असतो. मायक्रोटिक तर मी सहा वर्षं रोज वापरत होतो. सेफ मोडचं बटण मी शोभेचं समजत होतो.

त्याला सुट्टी दिली. तो पास झाला आणि उन्हाळा संपायच्या आत पुण्याच्या एका कंपनीच्या एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळीला लागला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. शिकवायचं आम्ही, पगार द्यायचा पुण्यानं. पण एनओसीत बसून त्यानं जे बघितलं ते तो दिवाळीला घरी आला की दुकानात येऊन सांगायचा, आणि त्यातलं निम्मं आम्ही उचललं. कुठलाही बदल आधी रजिस्टरमध्ये, मग स्विचवर. ही सवय त्याची देणगी.

नव्या सीसीएनएत पूर्वीच्या वेगवेगळ्या शाखा मोडून एकच परीक्षा ठेवली, २००-३०१, आणि तिच्यात ऑटोमेशनला, म्हणजे स्विचची कामं प्रोग्रामनं करून घेण्याला, १० टक्के दिले. डेवनेट नावाची प्रोग्रामिंगकडे झुकणारी शाखाही त्याच दिवशी निघाली. त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती सीसीएनए परीक्षा द्यायचं ठरवलं. रात्रीच्या लक्झरीनं पुणे, सकाळी परीक्षा, १२० मिनिटं. एकदा पुढे गेलेल्या प्रश्नाकडे परत फिरता येत नाही, हे माहीत असूनही हात मागच्या बटणाकडे जात होता. नापास. ३०० डॉलर आणि वर जीएसटी, शिवाय दुकानातल्या पोरांची तोंडं. निकालाच्या कागदावर विषयवार टक्के असतात, केबल-स्विचिंगला उत्तम आणि ऑटोमेशनला लाज वाटावी असे. जेसॉन (डेटा लिहायची एक पद्धत) कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी पुन्हा दिली आणि पास झालो. अ‍ॅन्सिबल हे अनेक स्विचवर एकदम काम करणाऱ्या साधनाचं नाव मी पहिल्यांदा त्या अभ्यासातच वाचलं.

वाचणं वेगळं, चालवणं वेगळं. चालवलं ते पारोळ्याच्या मुलीनं. जळगावातून इंजिनिअरिंग केलेली, पुण्याला जाण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती म्हणून आमच्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “सर, बॅकअप कुठे असतात?” आमची तेव्हा अडतीस ठिकाणं होती. प्रत्येक स्विचचा बॅकअप दर महिन्याला घ्यायचा असा नियम होता आणि तो पाळला जात नव्हता, कारण हातानं घ्यायला दोन दिवस लागायचे. तिनं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, नेटमिको लायब्ररी (तयार कोड) वापरून, पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहिली. यादीतला पत्ता घ्यायचा, एसएसएचनं (दुरून सुरक्षित लॉगिन) आत जायचं, चालू कॉन्फिग दाखवणारं ‘शो रन’ मारायचं, तारखेच्या नावानं फाइल ठेवायची. रात्री चालवली. चहा गाळून होईपर्यंत अडतीस फायली तयार.

मग तिनं न सांगता आणखी एक गोष्ट केली. चालू कॉन्फिग आणि सेव्ह केलेलं कॉन्फिग यांची ताडणी लावली. नऊ ठिकाणी दोन्ही वेगळे निघाले. म्हणजे बदल केला, काम चालू झालं, आणि ‘राइट’ मारायचं, म्हणजे सेव्ह करायचं, राहिलं. लाइट जाऊन यूपीएस बसला की ती नऊ ठिकाणं जुन्या काळात परत जाणार. आणि आपल्याकडे लाइट जाते. ती रजिस्टर घेऊन आली आणि विचारलं, “सर, हे नऊ कुणी केलेत?” नऊपैकी सातांवर माझी सही होती. ज्या न-सेव्हपणानं पतसंस्थेत वाचवलं, तोच इथं सात ठिकाणी दबा धरून बसला होता.

अ‍ॅन्सिबल आम्ही त्यानंतर घेतलं. २०१२ सालचं, पुढे २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलेलं. त्यातलं आम्हाला पटलेलं म्हणजे स्विचवर काही बसवावं लागत नाही, एसएसएच पुरतं. प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, लिहायचं ते यॅमल या मांडणीत, तिथं एक स्पेस इकडची तिकडे झाली की गाडी अडते. पहिल्या महिन्यात मी स्पेस मोजण्यातच डोळे फोडून घेतले. प्लेबुकं गिटमध्ये असतात, कुणी कुठली ओळ कधी बदलली ते तिथं दिसतं. रजिस्टरही चालूच आहे.

मी उत्साहात एकदा म्हटलं, “टाक एकदम अडतीस ठिकाणी.” तिनं नाही टाकलं. म्हणाली, “तुमचा तो ‘ॲड’ राहिलेला असेल तर?” तेव्हापासून आधी चेक मोडमध्ये कोरडी फेरी, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता तपासणी, मग दुकानातल्या जुन्या स्विचवर, मग एका शाखेत, मग तीन, मग बाकीच्या. शनिवारी काहीही नाही.

पोरं आणि त्यांचे वडील विचारायला येतात, कोणता कोर्स करू. पैसे मोजण्याआधी पॅकेट ट्रेसर घ्या, संगणकावरच नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, तीन महिने त्यात मोडतोड करा. नोकरी पुण्या-मुंबईत हवी असेल तर सीसीएनए. धुळे-नंदुरबारकडे केबलवाल्यांच्या आणि छोट्या इंटरनेटवाल्यांच्या इथं राहायचं असेल तर मायक्रोटिकचं एमटीसीएनए सर्टिफिकेट जास्त उपयोगी, तिकडे सगळं मायक्रोटिकच भेटतं. दोन्ही तीन वर्षांनी नव्यानं करावी लागतात, हे वडिलांना आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको. पायथन थोडं तरी. एवढं सांगून झालं की मुलाच्या हातात जॅक मारायचं क्रिम्पिंग टूल देतो. निम्मे तिथंच हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतोय.

सध्या आम्ही सात जण आहोत. पारोळ्याची मुलगी आता कामं वाटते, मलाही. शिरपूरचा पोरगा पुण्यातच आहे, पण गेल्या वर्षी त्याच्या गावच्या जिनिंगचं काम त्यानंच आमच्याकडे वळवलं आणि व्हीलॅनचा आराखडा फोनवर तपासून दिला. आमच्याकडच्या चोपड्याच्या मुलाची परीक्षा येत्या गुरुवारी आहे. अर्धी फी दुकानाची, सुट्टी आठ दिवसांची, न मागता. या क्षणी मात्र तो वरणगावला शिडीवर आहे आणि त्याचा तिसरा मिस्ड कॉल आलाय. नव्या बॉक्सची तार खरवडली का, तेवढं विचारतो त्याला.