ऑनफ्लर की सँ-मालो? आधी चंद्र बघावा

शुक्रवार, रात्री

दोन रात्रींच्या सुट्टीसाठी ऑनफ्लर की सँ-मालो, याचा निकाल आधी तिथीवर लागतो, बाकीचं सगळं त्यानंतर. दोन्ही फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरची जुनी बंदरं, म्हणून एकाच फेरीत उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा. मधला रस्ता दोनशे किलोमीटरहून जास्त आहे, आणि रेल्वेने जायचं तर पॅरिसची स्टेशनंही वेगळी: सँ-मालोसाठी मोंपार्नास, ऑनफ्लरसाठी सँ-लाझार. ऑनफ्लरपर्यंत तर गाडी जातच नाही. त्रूव्हील-दोव्हीलला उतरून बस धरावी लागते, आणि बसच्या वेळा आधी जुळवल्या नाहीत तर स्टेशनबाहेर ताटकळावं लागतं.

सँ-मालोला भरती-ओहोटीतला फरक उधाणाला १२ मीटरच्या वर जातो. म्हणजे चार मजली इमारतीएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. भरती-ओहोटीच्या फ्रेंच वेळापत्रकात प्रत्येक भरतीपुढे २० ते १२० मधला एक आकडा छापलेला असतो. ९५च्या पुढचा आकडा म्हणजे चांगलं उधाण, ४५च्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी आकडा सर्वात चढा असतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये तर फारच. आणखी एक गोष्ट सोयीची आहे. इथे उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी दुपारी येते आणि मोठी भरती संध्याकाळी. दुपारी समोरच्या ग्राँ-बे बेटावर चालत जावं, संध्याकाळी शहराच्या तटावरून लाटा पाहाव्यात. भांगाला हे गणित उलटतं: ओहोटी सकाळी आणि रात्री येते, आणि ग्राँ-बे बेटाची वाट थोडाच वेळ उघडी पडते.

याच बेटावर फ्रेंच लेखक शातोब्रियाँची समाधी आहे. वाट दगडी, शेवाळलेली. गुळगुळीत तळाचे बूट घालून जाणं म्हणजे हाडं मोडून घेणं. फजिती होते ती परतीच्या वेळी. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. १२ मीटरच्या चढाला तिसऱ्या तासात ३ मीटर, म्हणजे मिनिटाला ५ सेंटिमीटर. घोट्यापर्यंतचं पाणी दहा मिनिटांत गुडघ्याच्या वर जातं. म्हणून ओहोटीचा तळ गाठायच्या तासभर आधी बेटाकडे निघावं आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नये. अडकलंच तर पाण्यात उतरू नये, बेटावरच पाच-सहा तास काढावेत. वेळापत्रक हिवाळी वेळेचं आहे की उन्हाळी, हेही तपासावं. त्या एका तासाच्या घोळाने माणसं अडकतात.

सँ-मालोवर आक्षेप एकच घेतला जातो: हे जुनं शहर जुनं नाहीच. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४मध्ये, तटाच्या आतला सुमारे ८० टक्के भाग जळाला-पडला, आणि आज दिसतात ती ग्रॅनाइटची घरं बहुतेक नंतर उभारलेली आहेत. मला हा आक्षेप पटत नाही. तट बऱ्याच अंशी वाचला, रस्त्यांची ठेवण बरीचशी राखली गेली, आणि शहर ज्यासाठी वसलं तो समुद्र तर तसाच आहे.

पण हाताने घडवलेलं जुनं लाकूड पाहायचं असेल तर ऑनफ्लरला तोड नाही. सेंट-कॅथरीन चर्च पंधराव्या शतकात ओकच्या लाकडात उभं राहिलं, तेही जहाजं बांधणाऱ्या सुतारांच्या हातून. आत उभं राहून मान वर केली की दोन गलबतं शेजारी-शेजारी पालथी घातल्यासारखं छत दिसतं. घंटाघर चर्चला न जोडता पलीकडे वेगळं बांधलं आहे: घंटांचं ओझं लाकडी भिंतींवर नको, आणि वीज पडून आग लागली तर ती चर्चपर्यंत पोचू नये. जवळच मिठाची कोठारं आहेत, सतराव्या शतकातली. दूरच्या कॉड मासेमारीला मीठ लागे, ते इथे साठवत.

जुन्या गोदीला मात्र दार आहे. ते पाणी आत धरून ठेवतं, त्यामुळे धक्क्यावर बसून भरती-ओहोटी जाणवतच नाही. भांगाच्या दिवसांत ऑनफ्लर निवडायचं ते यासाठीच. दुपारी गोदीभोवती गर्दीच गर्दी असते. मुक्काम करावा आणि सकाळी आठच्या आत धक्क्यावर यावं, तेव्हा पाटीच्या दगडाने मढवलेल्या अरुंद, उंच घरांची प्रतिबिंबं अख्खी दिसतात. एक रात्र इथे पुरते. सँ-मालोला दोन हव्यात, म्हणजे एक ओहोटी ढगात गेली तरी दुसरी हाती राहते.

तिथी उधाणाची निघाली तर सँ-मालोच. मग संध्याकाळी सियों या तिथल्या समुद्रकाठच्या बांधावर, लाटा फोडायला रोवलेल्या ओकच्या खोडांसमोर उभं राहताना कठड्यापासून चार पावलं मागे राहावं. तिथे पाणी बांध ओलांडून रस्त्यावर येतं.